शैली, नियम आणि सोंग : एक प्रतिवाद

मराठी समीक्षेत ‘शैली’ हा शब्द जितक्या सैलपणे वापरला जातो तितका क्वचितच दुसरा एखादा शब्द वापरला जात असेल. ग्रामीण कथेची शैली म्हणजे संवादात पेरलेले बोलीतले दहा-पाच शब्द. लोकनाट्याची शैली म्हणजे फेटा, ढोलकी आणि सुरुवातीचा गण. आधुनिक कवितेची शैली म्हणजे मोडलेल्या ओळी. सर्व ठिकाणी गृहीत एकच : आशय आधी सिद्ध असतो आणि शैली त्याला वरून चढवली जाते. हे गृहीत कोणी उघडपणे मांडत नाही. मांडले तर ते टिकणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रबंधांच्या प्रकरणांत, अभ्यासपत्रिकांच्या घटकांत आणि नाट्यस्पर्धांच्या परीक्षणांत ते निर्वेधपणे वावरत असते. प्रस्तुत लेखाचा रोख या गृहीताकडे आहे. त्यासाठी घेतलेले मुख्य उदाहरण मात्र मराठी विभागांच्या भिंतींआड आजवर फारसे आलेले नाही. टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ, आणि अशा खेळांचे नियम बदलून जपानी ॲनिमेची शैली त्यांत आणण्याचे प्रयत्न, हे ते उदाहरण होय.

या खेळाची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण निवेदकाचे काम पाहतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. पात्राने काय करावे, काय बोलावे हे खेळणाराच ठरवतो. कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे पडतात, आणि त्या फाशांचा अर्थ कसा लावायचा हे नियमग्रंथ सांगतो. लिखित संहिता नसते, प्रेक्षक नसतो, आणि खेळ संपल्यावर जी गोष्ट शिल्लक राहते ती कोणा एकाची नसते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ मानला जातो. तो युद्धखेळांतून निघाला, आणि युद्धखेळांचा हिशेबीपणा त्याच्या हाडीमाशी राहिला.

येथे दोन आक्षेप अपेक्षित आहेत, आणि ते वेगवेगळ्या दिशांनी येतील. पहिला असा, की हा परका पोरखेळ आहे. जळगाव-धुळ्याच्या वर्गात बसलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याचा संबंध काय? दुसरा असा, की नियमग्रंथ ही वाङ्मयीन संहिताच नव्हे. क्रिकेटच्या नियमपुस्तिकेची समीक्षा कोणी करीत नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तर विस्ताराने पुढे येईल. दुसऱ्याचे लगेच देता येते. ज्या परंपरेचा आद्य ग्रंथ भरताचे नाट्यशास्त्र आहे, त्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाने नियमग्रंथाला वाङ्मयविचारातून हद्दपार करावे हे अजब आहे. नाट्यशास्त्र हा प्रयोगाचा नियमग्रंथच आहे. त्यातील भारती, सात्त्वती, कैशिकी आणि आरभटी या चार वृत्ती म्हणजे सजावटीचे चार नमुने नव्हेत. प्रयोगात काय घडू शकते, कोणत्या साधनांनी घडते आणि कशावर भर पडतो याच्या त्या चार व्यवस्था आहेत. युद्ध, माया आणि इंद्रजाल यांची आरभटी ही नृत्य-गीतप्रधान कैशिकीहून वेगळी ठरते ती केवळ वेशभूषेने नव्हे. तिच्यात कृतीला वेगळे वळण मिळते म्हणून. हे उदाहरण ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ अशा समाधानासाठी दिलेले नाही. आपल्याकडे जे होते तेही आपण कसे वाचणे सोडून दिले, हे दाखवण्यासाठी दिले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८० च्या दशकापासून अमेरिकेतील काही खेळरचनाकारांना जपानी ॲनिमेची ओढ लागली. माइक पॉण्डस्मिथ यांचा यंत्रमानवांच्या युद्धावरचा ‘मेक्टन’ त्या दशकातला. १९९७ मध्ये आलेल्या ‘बिग आइज, स्मॉल माउथ’ या खेळाच्या तर नावातच ॲनिमेच्या चेहऱ्याचे वर्णन आहे : मोठे डोळे, लहान तोंड. या खेळात शरीर, मन आणि आत्मा असे तीन मूळ गुण आहेत, आणि त्यांच्या जोडीला गुणांक मोजून विकत घ्यायच्या वैशिष्ट्यांची यादी आहे. अजस्र यंत्रमानव हवा? इतके गुणांक. रूपांतर करणारी जादूची मुलगी व्हायचे आहे? तितके गुणांक. ॲनिमेत जे जे दिसते त्याची ही चोख मोजदाद आहे. परंतु यादी कितीही लांबली तरी तिच्यातून शैली उभी राहत नाही. यादीमुळे पात्राजवळ काय आहे हे बदलते. खेळणारा कसा वागेल हे बदलत नाही.

याचे कारण समजून घेण्यासाठी मूळ खेळातील एकच नियम पाहणे पुरेसे आहे. ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’मध्ये पात्राच्या जीवशक्तीचा एक आकडा असतो. घाव बसला की तो कमी होतो. शून्याकडे गेला की मरण जवळ येते. जुन्या आवृत्त्यांत मिळवलेल्या धनाच्या प्रमाणात पात्राचा अनुभव वाढत असे, म्हणजे धन हीच प्रगती. या दोन नियमांतून खेळणाऱ्याला शहाणपण शिकवले जाते ते असे : जपून चाला, दार उघडण्यापूर्वी कान लावा, आकडा कमी झाला की मागे फिरा. ही सावधगिरी कोणी लिहून दिलेली नसते. ती नियमांच्या हिशेबातून आपोआप निपजते. तीच त्या खेळाची शैली. आता याच खेळात पात्राला निळे केस द्या, त्याच्या तलवारीच्या घावाला भारदस्त जपानी नाव द्या, त्याच्या डोळ्यांत चांदण्या काढा. आकडा कमी झाला की तो नायक मागे फिरणारच. ॲनिमेतील नायक नेमके याच्या उलट वागतो. रक्तबंबाळ झाल्यावर तो उठतो; मित्राच्या आठवणीने त्याला बळ येते; घाव घालण्यापूर्वी तो आपला निर्धार मोठ्याने सांगतो, आणि प्रतिपक्षी तो ऐकून घेतो. ज्या व्यवस्थेत जखम म्हणजे केवळ तोटा, तेथे असा नायक म्हणजे मूर्ख. तेव्हा चेहरा बदलून भागणार नाही. जखमेचा अर्थ बदलला पाहिजे.

हा अर्थ बदलणारे खेळ झाले आहेत, आणि खरा विचार तेथे सुरू होतो. २००१ मधील ‘एक्झाल्टेड’मध्ये खेळणाऱ्याने आपल्या कृतीचे वर्णन रंगवून, जागेचा आणि प्रसंगाचा उपयोग करून केले तर त्याला जादा फासे मिळतात. जपानमधील ‘तेन्रा बान्शो झीरो’ याहून पुढे जातो. तेथे जखम कोणत्या प्रतीची घ्यायची हे खेळणारा स्वतः ठरवतो, आणि ‘मृत्यू’ नावाची एक चौकट त्याच्या पानावर रिकामी असते. त्या चौकटीवर त्याने स्वतः खूण केल्याशिवाय त्याचे पात्र मरू शकत नाही. खूण केली तर मात्र त्या झुंजीपुरते त्याला जादा फासे मिळतात. म्हणजे मरण पणाला लावणे हे बळ मिळवण्याचे साधन झाले. नायक आता कोणी न सांगता उठेल, निर्धार बोलेल, शेवटचा घाव घालेल. कारण तसे करणे हेच त्या व्यवस्थेत शहाणपण आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २००६ मधील ‘गोल्डन स्काय स्टोरीज’ या इंग्रजी नावाने पुढे ओळखला गेलेला जपानी खेळ आहे. त्यात फासे नाहीत, लढाई नाही. माणसाचे रूप घेणारे कोल्हा, मांजर, पाखरू असे लहानसे जीव एका खेड्यात लोकांच्या बारीकसारीक अडचणी सोडवतात. एखाद्याचे बोलणे मनाला भावले की इतर खेळणारे त्याला ‘स्वप्ने’ नावाचे गुण देतात, आणि त्या गुणांवर पात्रांमधले नाते वाढते. संथ, उबदार ॲनिमेची सारी शैली या एका देवघेवीत सामावली आहे. मोठे डोळे दोन्ही खेळांत काढता येतील. ते काढले काय, न काढले काय, दोन्ही शैली नियमांत शाबूत राहतात.

यावरून जो सिद्धान्त निघतो तो असा मांडता येईल : शैली म्हणजे एखाद्या रूपबंधात काय शक्य आहे, काय महाग पडते आणि कशाचे बक्षीस मिळते याची व्यवस्था. दिसणारी वैशिष्ट्ये ही त्या व्यवस्थेची खूण असते. पुष्कळदा तिच्या मागे उरलेला गाळ असतो. सोस्यूरने भाषेसाठी बुद्धिबळाची उपमा दिली तेव्हा त्याला हेच अभिप्रेत होते. हस्तिदंती सोंगटीच्या जागी लाकडी ठेवली तर खेळ बदलत नाही. सोंगट्यांची संख्या बदलली तर खेळाचे व्याकरणच बदलते. आपल्याकडे सोस्यूर शिकवला जातो आणि लगेच पुढच्या घटकात शैलीची चर्चा सोंगट्यांच्या रंगावरून सुरू होते.

ॲनिमेचा स्वतःचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. १९६३ च्या जानेवारीत ओसामू तेझुका यांच्या संस्थेने ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली. हाताशी पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. मग एकेक चित्र तीन-तीन चौकटी टिकवायचे, चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, एकदा काढलेली दृश्ये साठवून पुन्हा पुन्हा वापरायची, असे उपाय झाले. आज ज्याला आपण ॲनिमेचा लयबद्ध थांबा, दीर्घ स्थिर चेहरा, दर भागात तेच ते रूपांतरदृश्य म्हणून ओळखतो, त्यातले बरेच या काटकसरीच्या नियमांतून आलेले आहे. शैली येथे टंचाईच्या कायद्यातून जन्मली. मग कलावंतांनी त्या कायद्यालाच अर्थ दिला. ओवी रचणारी बाई जात्याच्या फेऱ्यात ठरलेली पदे पुन्हा आणते, शाहीर धृपदावर परत येऊन पुढची ओळ जुळवण्यास उसंत मिळवतो, तेव्हा तेथेही हाच व्यवहार चालू असतो. पुनरुक्ती हा दोष आहे की शैली, हे ती कोणत्या नियमाखाली होते यावर ठरते.

शुद्ध ‘ॲनिमेपण’ शोधणाऱ्यांसाठी आणखी एक वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही १९९०–९१ मधील प्रसिद्ध ॲनिमे मालिका मुळात एका भूमिकाखेळातून आली. १९८६ पासून एका जपानी मासिकात ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’च्या बैठकींचा वृत्तान्त संवादरूपाने छापला जाऊ लागला, निवेदक र्यो मिझुनो यांनी पुढे त्यावर कादंबऱ्या लिहिल्या, आणि कादंबऱ्यांवरून चित्रमालिका झाली. योद्धा, पुरोहित, चोर, मांत्रिक अशी परस्परांना पूरक मंडळी एकत्र प्रवासाला निघणे, हे आज अनेकांना ॲनिमेचे अंगभूत लक्षण वाटते. ते एका अमेरिकन खेळाच्या नियमाचे फळ आहे. ज्याची नक्कल करायची ते मूळही कोणाची तरी उसनवारी असते. म्हणून ‘परके’ आणि ‘आपले’ ही विभागणी वैशिष्ट्यांच्या पातळीवर करणे व्यर्थ ठरते. देशीयतेचा विचार ज्यांनी गंभीरपणे केला त्यांना हे ठाऊक होते. देशीयता म्हणजे घरातली वस्तू पुढे मांडणे, असा तिचा सोपा अर्थ नंतरच्या अनुयायांनी लावला. उद्या कोणी ‘डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स’मधील योद्ध्याला मावळ्याचा वेश चढवून त्याला मराठी भूमिकाखेळ म्हणेल, आणि आपल्यातलेच काही जण त्याचे स्वागत करतील. त्या मावळ्याच्या हातात भवानी तलवार असली तरी त्याचे वागणे धनाचा हिशेब ठेवणाऱ्या परदेशी भुयारवीराचेच राहील.

आता पहिल्या आक्षेपाकडे. हा खेळ परका आहे काय? ज्याने तमाशाचा वग किंवा कोकणातला दशावतार प्रयोग म्हणून पाहिला आहे, केवळ छापील संहितेतून वाचलेला नाही, त्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. परंपरागत वगात कथासूत्र ठरलेले असते, पात्रे वाटून दिलेली असतात, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. राजाने काय बोलावे हे राजा झालेला नट ठरवतो. सोंगाड्याने त्याला केव्हा आडवे जावे याचे मात्र संकेत असतात. दशावतारातही आख्यान ठरले की नट आपापल्या पात्राच्या पुराणज्ञानावर आणि हजरजबाबीपणावर रात्र काढतात. पात्रांची वाटणी, ठरलेले सूत्र, उत्स्फूर्त बोलणे आणि ते बोलणे आवरणारे अलिखित नियम : टेबलावरच्या भूमिकाखेळाचे सारे घटक येथे आहेत. फाशाची जागा समोरच्या नटाच्या प्रत्युत्तराने घेतली आहे. तेही फाशाइतकेच अनिश्चित असते. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील सोंगाड्या पार्ट्या रात्ररात्र जे उभे करतात त्याचाही विचार याच अंगाने करता येईल.

आणि पडद्यावरची शैली पकडण्याचा प्रश्नही या रूपांपुढे येऊन गेलेला आहे. दूरचित्रवाणीवरच्या पौराणिक मालिकांनी प्रेक्षकांची नजर बदलली तेव्हा कोकणात ‘ट्रिकसीन’ असलेले दशावतारी प्रयोग होऊ लागले. धूर, दिव्यांचे झोत, अचानक प्रकटणारे देव, आकाशातून येणारी अस्त्रे. गर्दी झाली, आणि ती होणे गैर नव्हते. प्रश्न गर्दीचा नाही. दशावतारात दोन पात्रांच्या वादाला बक्षीस मिळत असे : जो नट शब्दात अडकला तो हरला, आणि प्रेक्षकांना तो हरलेला कळे. ट्रिकसीन जेथे वादाच्या जागी येते तेथे ते बक्षीस यंत्राच्या हाती जाते. नटाने वाद लांबवला तर धुराची वेळ चुकते. म्हणून वाद आखूड होतो. मग त्याचे संवाद आधीच बांधून घ्यावे लागतात. पोशाख तोच, पखवाज तोच, संकासुर तोच. तरीही रूपबंध बदलला, कारण काय महाग पडते याची व्यवस्था बदलली. ज्या मंडळ्यांनी ट्रिकसीन वादाच्या शेवटी, वादाचा निकाल म्हणून आणले, त्यांच्याकडे जुना नियम टिकला आणि नवी शैलीही आली. समीक्षेने हा फरक दाखवायचा असतो. ‘परंपरा भ्रष्ट झाली’ अथवा ‘परंपरा काळाबरोबर चालली’ या दोन ठरीव वाक्यांनी तो दिसत नाही.

येथे एक प्रबळ प्रतिवाद संभवतो, आणि तो खान्देशच्या वेशीवरूनच येतो. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या गावात शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला. मूळ प्रसंगांचा क्रम पुष्कळसा तोच. मात्र गब्बरचा रबर झाला, बसंतीची बासमती झाली, आणि डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली आल्या. पुढे तेथल्याच ‘सुपरमॅन’च्या निर्मितीवर फैज़ा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. प्रतिवादी म्हणेल : येथे नियम तेच ठेवले, फक्त सोंगटी बदलली, तरी सारी शैली बदलली, म्हणजे सोस्यूर चुकला आणि सोंगट्यांचा रंगच निर्णायक ठरला. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु प्रसंगांचा क्रम म्हणजे नियम नव्हे. ‘शोले’ची व्यवस्था अशी की प्रचंड खर्च करावा आणि तो प्रेक्षकाला खर्च म्हणून न दिसता भव्यता म्हणून दिसावा. मालेगावने ही व्यवस्था मोडून दुसरी घातली : पडद्यावरच्या प्रत्येक भव्य वस्तूला गल्लीत मिळणाऱ्या सर्वांत जवळच्या वस्तूने उत्तर द्यायचे, आणि ते अंतर लपवायचे नाही. घोड्याला सायकल हे या नियमाचे एक उदाहरण झाले. हा नियम सुसंगतपणे पाळला गेला म्हणून मालेगावच्या चित्रपटांना स्वतःची शैली लाभली. केवळ पैसा कमी पडला म्हणून केलेली तडजोड असती तर ती दोन प्रसंगांनंतर केविलवाणी वाटली असती. तेझुकांची काटकसर आणि मालेगावची काटकसर यांत एवढेच साम्य पुरेसे आहे : दोघांनीही टंचाईचा कायदा केला.

आतापर्यंतच्या विवेचनावरून नियम हे निष्पाप, तांत्रिक साधन आहे असा समज झाला असेल तर तो दूर केला पाहिजे. ‘तेन्रा बान्शो झीरो’मध्ये एखाद्याने पात्र चांगले वठवले की इतर खेळणारे त्याला तेथल्या तेथे बक्षिसाच्या चकत्या देतात, त्या चकत्यांचे पुढे बळ होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला यावरून दौलतजादा आठवल्याशिवाय राहणार नाही. प्रेक्षकाने दाद म्हणून पैसा पुढे केला की प्रयोग थांबतो, वळतो, लावणीचे कडवे पुन्हा होते. दादेने प्रयोगाचा मार्ग बदलतो. नियमाचा आकार एकच. पण टेबलाभोवती चकती फिरते ती बरोबरीच्या मित्रांत, आणि देणारा पुढच्या क्षणी घेणारा होतो. दौलतजादेत पैसा एकाच दिशेने जातो : जमीन, जात आणि पुरुषत्व यांच्या बळावर बसलेल्याकडून कोल्हाटी, महार, मांग समाजांतील कलावंताकडे, आणि बहुतेक वेळा बाईकडे. तेथे घेणारी कधी देणारी होत नाही. तोच नियम एका जागी खेळ होतो आणि दुसऱ्या जागी वेठ. म्हणून रूपवादी मंडळींनी नियमांच्या या चर्चेने फार हुरळून जाऊ नये. नियम कोण करतो, बक्षीस कोणाच्या हाती आहे आणि ‘मृत्यू’च्या चौकटीवर खूण करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न शैलीच्या बाहेरचे नाहीत. तेच शैलीचे राजकारण आहे. आणि लोकनाट्याच्या ‘रांगड्या, मोकळ्याढाकळ्या’ शैलीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समीक्षेने हे राजकारण फार वर्षे झाकून ठेवले.

मराठी रंगभूमीने या प्रश्नाशी एकदा चांगली झुंज घेतली आहे. वसंत सबनीसांच्या १९६५ मधील ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये लिखित संहिता होती, पण दादा कोंडके यांना प्रयोगागणिक ताज्या घटनांवर बोलण्याची मुभा उरली, म्हणजे वगाचा मुख्य नियम जिवंत राहिला. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील माणसांची भिंत १९७२ मध्ये रंगमंचावर आली ती शोभेसाठी नव्हे. तीच माणसे कधी झाकतात, कधी उघडे करतात, कधी समाज होतात. नाटकातील सत्तेचा व्यवहार त्या एका योजनेवर चालतो. त्यानंतर लोकनाट्याच्या नावाने स्पर्धांत जे आले त्यातले कितीतरी केवळ गण, झांजा आणि कमरेत वाकलेला सूत्रधार होते. मोठे डोळे, लहान तोंड.

हा वाद केवळ व्याख्येचा असता तर तो एवढ्या विस्ताराने घालण्याचे प्रयोजन नव्हते. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करते. जिच्या ओव्या कागदावर दुसऱ्यांनी उतरवल्या आणि ज्यांचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये निघाले, अशा कवयित्रीचे नाव मिरवणाऱ्या प्रदेशात मौखिक आणि उत्स्फूर्त रचनेचा विचार सर्वांत धारदार असायला हवा होता. प्रत्यक्षात या विषयावरचे आपल्याकडचे बहुतेक प्रबंध काय करतात? वगाच्या ‘संहिता’ गोळा करतात, वहीगायनाच्या ‘रचना’ छापतात, अहिराणी शब्दांची परिशिष्टे जोडतात आणि ‘शैलीविशेष’ नावाच्या प्रकरणात त्यांची यादी देतात. ही सोंगट्यांची मोजदाद झाली. सोंगाड्याने राजाला केव्हा तोडावे, वाद अडकला तर सहकाऱ्याने कसा सोडवावा, अहिराणीतून प्रमाण मराठीत आणि परत कोणत्या क्षणी जावे, प्रेक्षकातून टोमणा आला तर तो कोणी झेलावा, हे नियम ज्यांच्या अंगात आहेत ती माणसे म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडून मिळालेली संहिता म्हणजे एका रात्रीच्या खेळाचा वृत्तान्त. खेळ त्यांच्याबरोबर जाईल.

आणि नेमक्या याच वेळी आपल्या वर्गात अशी मुले येऊन बसली आहेत ज्यांना एखाद्या रूपाचा नियम वेगळा काढून दुसऱ्या सामग्रीत बसवण्याची सवय आहे. ती जपानी मालिका पाहतात, भूमिकाखेळ खेळतात. जखमेला बक्षीस ठेवले की नायक कसा बदलतो हे त्यांना सांगावे लागत नाही. आपण त्यांना मुळापासून तुटलेली पिढी म्हणतो. तुटलेपणाचा आरोप करायचाच तर तो प्रयोगाला परिशिष्टात कोंबणाऱ्या अभ्यासपद्धतीवर करावा.

म्हणून प्रस्तुत लेखकाची मागणी साधी आणि पडताळून पाहता येण्याजोगी आहे. पदव्युत्तर वर्गाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थ्याने एका प्रयोगरूपाचा, मग तो वग असो, वही असो की सोंगाड्या पार्टी, नियमग्रंथ लिहावा. कोणाला काय करता येते, काय महाग पडते, बक्षीस कोण देतो, खेळ कोण थांबवू शकतो. मग त्या नियमांवर चार अनोळखी माणसांनी एक रात्र खेळून पाहावे, आणि ज्याच्याकडून नियम घेतले त्या कलावंताने समोर बसून निर्णय द्यावा. त्याला ते आपले वाटले तर विद्यार्थ्याला शैली कळली. ढोलकी, फेटा आणि अहिराणीची फोडणी सारे जागच्या जागी असूनही तो म्हातारा मान हलवून उठून गेला, तर प्रबंधाला कितीही चांगला अभिप्राय मिळालेला असो, त्यातले ‘शैलीविशेष’ हे प्रकरण फाडून टाकण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.